सहा फुटी लेकराची धुंड

“त्याच्या धुंडीले आई होऊन बसशीन, तं जन्मभर त्याचा घोर तुले लागन. मंग मले नको सांगू,” असं जमनीनं सुनेला आधीच बजावलं होतं. बजावता बजावता तिनं कढईतली पुरी उलटली, त्यामुळे ते फार महत्त्वाचं असेल असं वर्षाला वाटलं नाही. तिनं हसण्यावारी नेलं.

एक तर ती बी.एस्सी. झालेली. दुसरं म्हणजे घोर या विषयात तिला बाहेरच्या शिकवणीची गरज नव्हती. तिचा तान्हा ओम झोपला की ती त्याच्या नाकापाशी बोट धरून श्वास बघायची. जागा असला की त्यानं बटण गिळलं का ते बघायची. गॅस बंद केला का हे पाहायला अर्ध्या रस्त्यातून माघारी यायची, आणि घरी आल्यावर कळायचं की त्या दिवशी स्वयंपाक चुलीवरच झाला होता. घरात आधीच एवढा घोर भरून ठेवलेला. त्यात आणखी एकाचा कोपऱ्यात मावेल, असं तिला वाटलं.

हा आणखी एक म्हणजे सोनू राठोड. वय तेवीस, उंची सहा फूट, जन्म आणि वाढ इंग्लंडातल्या हडर्सफील्डची. त्याला पांढरकवड्याजवळच्या या बंजारा तांड्यात आणलं वर्षाच्या नवऱ्यानं, बादलनं. आणि बादलला तसं करायला लावलं भारताच्या रग्बी लीग संघाच्या कोचनं.

बादल आश्रमशाळेवर खेळाचा मास्तर. कॉलेजात असताना कोणीतरी त्याच्या हातात अंड्यासारखा बॉल दिला, तो त्यानं अजून खाली ठेवला नव्हता. रग्बी लीग म्हणजे तेरा माणसांनी तो बॉल छातीशी धरून समोरच्या तेरांवर जाऊन आदळायचं. पाडलं की उठायचं, बॉल पायानं मागे सरकवायचा, मागच्यानं तो उचलून दुसऱ्याला द्यायचा, की पुन्हा आदळायचं. बादल हा उचलून देणारा. त्याला हुकर म्हणतात. “पंगतीत वाढप्याचं असते ना याडी, तसंच काम हाय त्याइचं,” वर्षानं सासूला समजावलं होतं. “फक्त हितं जेवनारे वाढप्याले तुडवतात.”

राष्ट्रीय संघाच्या शिबिराला बादल सहा वर्षं जात होता, आणि सहा वर्षं टॉवेल आणि पाण्याच्या बाटल्या सांभाळून परत येत होता. कारण स्पर्धेच्या तोंडावर विमानातून पोरं उतरायची. कोणी सिडनीचं, कोणी लीड्सचं. आजोबा जालंधरचे, आजी सुरतेची. रक्त भारताचं आणि मांड्या ऑस्ट्रेलियाच्या. नियमानं तेही भारताचेच खेळाडू. बादलनं हे सगळं तांड्यात सांगितलं तेव्हा तांड्यानं लगेच बारसं करून टाकलं. इथं घडलेले ते गावरान. तिकडून आलेले ते बॉयलर.

या वर्षी मात्र वरून नियम आला. बँकॉकला चार देशांची स्पर्धा होती, तिथं जाणाऱ्या संघात निम्म्याहून जास्त खेळाडू गावरान पाहिजेत. म्हणजे खेळ इथंच शिकलेले. बादलचं नाव त्यात जवळजवळ पक्कं झालं होतं. पुढच्या वर्षी तो तिशीचा होणार होता आणि हेडमास्तर म्हणाले होते की आता रजा मागायला आलास तर शाळेचा बॉलच कुलपात ठेवतो. तेव्हा जे काय व्हायचं ते याच वर्षी.

हैदराबादच्या शिबिरात कोचला एक गोष्ट खटकली. जेवायला दोन टेबलं लागायची. एका टेबलावर अंड्याचा पांढरा भाग आणि उकडलेली कोंबडी, दुसऱ्यावर वरण-भात आणि लोणचं. मैदानावरही गावरान गावरानालाच बॉल द्यायचा आणि बॉयलर बॉयलरला, मग तो कितीही लोकांच्या खाली दबलेला असो. कोचनं होळीची सुटी दिली आणि फर्मान काढलं की प्रत्येक गावरानानं एकेक बॉयलर घरी न्यायचा. एका ताटात जेवा, मग एका संघात खेळाल.

बादलच्या वाट्याला सोनू आला. दोघेही राठोड आणि दोघेही हुकर. कोचनं मुद्दाम केलं असेल.

पांढरकवड्याच्या स्टँडवरून बादलच्या मोटरसायकलवर सोनू आला तेव्हा त्याचे गुडघे बादलच्या कानांपाशी होते. नळावरच्या पोरींनी हंडे भरून झाले तरी उचलले नाहीत. जमनीनं त्याला वरून खाली पाहून घेतलं, आणि बरंच खाली यावं लागलं.

“तारो नाम काई?”

“सोनू. सोनू राठोड.”

राठोड म्हणजे एकाच कुळाचा, म्हणजे भाऊ. पोरींनी हंडे उचलले आणि निघून गेल्या.

सोनूचा बाप घनश्याम मारेगावच्या बाजूच्या कोणत्यातरी तांड्यातला. डॉक्टर झाला, इंग्लंडला गेला आणि मागे वळून पाहिलं नाही. कोणता तांडा ते त्यानं पोराला कधी सांगितलं नाही. सोनूला मोडकं हिंदी येत होतं आणि गोरबोलीतले, म्हणजे तांड्याच्या बोलीतले, तीन शब्द. याडी म्हणजे आई, बाटी म्हणजे भाकर. तिसरी एक शिवी होती, पण बाप गाडी चालवताना ती म्हणायचा, म्हणून सोनूला तिचा अर्थ ‘सावकाश’ असा वाटत होता. जमनी गरम पातेलं घेऊन चालली होती तेव्हा त्यानं ती फार मायेनं ऐकवली. जमनीनं पातेलं खाली ठेवलं, क्षणभर पाहिलं आणि म्हणाली, “पोरगं आपलंच हाय.”

त्या होळीला ओमची धुंड होती. धुंड म्हणजे लेकराची पहिली होळी. आईबाप लेकराला मांडीवर घेऊन बसतात, त्यांच्या डोक्यावर दोघं जण लांब काठी आडवी धरतात, आणि तांड्यातली माणसं त्या काठीवर आपापल्या काठ्या वाजवत, गात लेकराला आशीर्वाद देतात. ती झाली की लेकरू तांड्याचं झालं. मग ते जिल्ह्यात जावो का चंद्रावर, तांड्याचंच राहातं.

बादलनं हे सांगितलं तेव्हा सोनू लसूण सोलत बसला होता. वर्षाला माणसं पाहायची सवय होती. तिच्या लक्षात आलं की तो एकच पाकळी कितीतरी वेळ सोलतोय.

“मेरा नहीं हुआ,” तो म्हणाला. मग जरा वेळानं, “अभी हो सकता है?”

प्रश्न तांड्याच्या नायकाकडे गेला. नायक म्हणजे प्रेमसिंग, मिशीला मेंदी लावणारे आणि कोणताही प्रश्न आधी चहा मागवून सोडवणारे. चहा संपेपर्यंत त्यांनी विचार केला.

“पहिल्या होळीले लेकरू बसते, बरोबर? याची हितली पहिलीच होळी हाय. वयाचं कोणी बोललं हाय का? नाई. मंग बसवा.”

अडचण एकच होती, आईबाप कोणी व्हायचं. घनश्याम डॉक्टर काही येणार नव्हता. ओमसाठी बादल आणि वर्षा बसणारच होते, कुळ एकच होतं. तेव्हा एका खर्चात दोन्ही. चुलीपाशी जमनीनं सुनेला घोराचं सांगितलं ते याच वेळी. वर्षा म्हणाली, “चार दिवसाचा पाहुना हाय याडी. बसतो म्हन्ते तं बसू दे.” ती त्याच्याहून चार वर्षांनी मोठी होती.

मांडीवर घेणं शक्यच नव्हतं. सोनूनं वर्षाच्या मांडीवर फक्त डोकं टेकवलं आणि बाकीचा सोनू घोंगडीवरून उतरून अंगणात पसरला. शेजारी ओम त्याचा कान ओढत होता. गाणं सुरू झालं, काठ्या वाजायला लागल्या. वर्षा वरच्या काठीकडे पाहात होती, ती सुटून लेकराच्या डोक्यावर पडू नये म्हणून तिनं दोन्ही हात वर धरले होते. मधेच तिचं लक्ष गेलं तर एक हात ओमच्या डोक्यावर होता आणि दुसरा सोनूच्या.

धुंड झाली की पुरी-लापशीचं भांडं मैदानात ठेवतात आणि बायका काठ्या घेऊन त्याच्याभोवती उभ्या राहतात. पुरुषांनी मार खात ते पळवायचं. दरवर्षी पुरुष थोडा मार खातात, थोडं नाचतात आणि शेवटी भांडं हाती लागतं. सोनूला नाचायचं असतं हे कोणी सांगितलं नाही. तो वाकला, खांदा पुढे घातला आणि बायकांच्या मधून असा शिरला की त्यांतली लालीबाई फिरून उलट्या दिशेला तोंड करून उभी राहिली. एकट्या जमनीनं वेळ साधली आणि त्याच्या डाव्या नडगीवर काठी बसवली. तो लंगडत, भांडं काखेत मारून मैदानाच्या टोकापर्यंत पळाला आणि तिथं भांड्यावर पोट टेकवून आडवा झाला. रग्बीत तसंच करायचं असतं. लापशी त्याच्या शर्टाला लागली. बायका म्हणाल्या, ही बेइमानी आहे. नडगी फुटली होती, पाठ लाल झाली होती, आणि इतकं खूश माणूस वर्षानं ओम सोडला तर दुसरं पाहिलं नव्हतं.

जाताना तो तिच्या पाया पडला आणि म्हणाला, “याडी, आता हूँ.” तिनं त्याच्या पिशवीत हळदीची पुडी टाकली आणि नडगीला लाव म्हणून तीनदा सांगितलं.

दोघं हैदराबादला परत गेले. दोन-तीन दिवसांनी निवड समितीतल्या एका साहेबांचा प्रेमसिंगला फोन आला. कोणता खेळाडू कुठला, याची खातरजमा चालू होती. बादलनं तांड्याचा म्हणून नायकाचाच नंबर दिलेला. साहेब पुण्याकडचे होते. फोनवर काय बोलणं झालं ते प्रेमसिंगनी नंतर सगळ्यांना कौतुकानं सांगितलं.

“सोनू राठोड तुमच्या गावचा आहे का?”

“आमचाच हाय साहेब.”

“नक्की ना? तो तर इंग्लंडहून आलाय.”

“कुठून का येईना. धुंड हितं झाली त्याची. मी सोता उभा होतो.”

“ती जन्मानंतर करतात तीच ना?”

“तीच. दुसरी कायची असते?”

साहेबांनी आभार मानले. प्रेमसिंग खरं बोलले होते, साहेबांनी खरंच ऐकलं होतं, आणि दोघांच्या मधे कुठंतरी सोनू राठोड इथं जन्मून, इथं खेळ शिकून मग इंग्लंडला गेलेला पोरगा होऊन बसला.

त्यानंतर बादल घरी आला. ओमला खांद्यावर बसवून फिरवलं, मग बूट घासून धुतले आणि छपराच्या खिळ्याला टांगले. वर्षा बघत होती. बूट जमिनीवर असले की हा माणूस कुठंतरी जाणार असायचा. खिळ्यावर ते कधीच गेले नव्हते.

“काय झालं?”

“काई नाई. यादी लागली. सोनू हाय संघात.”

“आन् तुमी?”

“गावरान हुकर एकच पायजे त्याइले. सोनूले गावरानात टाकलं.”

“सोनू गावरान? ठेचा चाटला तं डोयाले पानी येते त्याच्या.”

“नायकानं सांगितलं तसं. चांगला खेळते तो माह्यापेक्षा. घेतलं.”

“मंग फोन करा ना कोचले.”

“काय सांगू? बाप होऊन बसलतो त्याच्या धुंडीले. आता सांगू का, हे पोरगं आमचं नाई, मले घ्या?”

वर्षाला आधी बरं वाटलं, खोटं कशाला बोला. नवऱ्याचं नाक दोनदा मोडलं होतं, मान वळवली की आवाज यायचा. आता तो घरी राहील, धड राहील. पण दुसऱ्या दिवशी ती ओमला घेऊन आश्रमशाळेवरून चालली होती, तर बादल मैदानावर पोरांना पळवत होता. खुर्चीवर बसून. या माणसानं जन्मात बसून शिट्टी वाजवली नव्हती. पोरांपुढे पळत पळत वाजवायचा, दम लागून शिट्टी पिचकायची. आज ती अगदी साफ वाजत होती.

तिथून ती सरळ प्रेमसिंगकडे गेली.

“काका, त्या सायबाले फोन करा. चूक झाली म्हना.”

“कोनती चूक?”

“सोनू आपल्याकडचा नाई, असं सांगा.”

प्रेमसिंगनी चहा मागवला नाही, यावरून काय ते तिला कळलं.

“तूच बसली होती ना व त्याची आई होऊन? नायकानं होळीले आपला म्हनावं आन् पाडव्याले परका म्हनावं, तं उद्या तुह्या ओमले बी कोणी म्हनन, हा खरंच तांड्याचा हाय का गा? तोंडातून गेलं ते गेलं.”

वर्षाला राग आला, पण नायकाचं चुकत कुठं होतं तेही सापडेना. ओम तिच्या पदराचं टोक चघळत होता. ते तिनं त्याच्या तोंडातून काढलं, आणि काढता काढता तिला दिसलं की गाठ उत्तरात नाहीच, प्रश्नात आहे.

“काका, सायबानं तुमाले इचारलं काय होतं?”

“हा कोणाचा हाय म्हनून.”

“नियमात ते नाईच. कोणाचा हाय ते कोणी मागतच नाई. खेळ कुठं शिकला, तेवढंच हाय नियमात.”

“मंग त्यानं तसं इचारावं. खरं सांगतो मी. कायले लपवू?”

एवढ्यावर काम झालं होतं. फोन लावायचा, प्रश्न नीट विचारायला लावायचा. पण वर्षाला हेही माहीत होतं की बॉयलरांच्या जागा भरलेल्या आहेत. सोनू इकडून निघाला तर तिकडं त्याला बसायला जागा नाही. बादलचे बूट खिळ्यावरून उतरले, की सोनूचे चढणार.

म्हणून तिनं आधी सोनूला फोन लावला. तो शिबिरात जेवत होता, ताटावर चमचा वाजत होता. आता गावरानांच्या टेबलावर बसतो, असं त्यानं आपणहून सांगितलं. तिनं हिंदीत, जमेल तसं, सगळं सांगितलं. चमचा थांबला.

“मुझे पता था, याडी. लिस्ट लगी तब ही. मेरा नाम उधरवाली लाइन में था, बादलभाऊ लोगों की. पहली बार किसी ने उधर लिखा.” मग तो म्हणाला, “देखकर अच्छा लगा. इसलिए चुप रहा.”

वर्षानं विचारलं, “नडगी कैसी है?”

“ठीक है. आप बोल दो. सच है वो बोल दो.”

मग प्रेमसिंगच्या ओट्यावर, फोन स्पीकरवर ठेवून, साहेबांना लावला. वर्षानं नमस्कार करून म्हटलं की सर, नायकांना एवढंच विचारा, सोनू राठोड खेळायला कुठं शिकला.

“कुठं शिकला?” साहेबांनी विचारलं.

“तिकडंच, इंग्लंडात. हितं कुठं शिकते? हितं तं त्याले बायकाइनं काठीनं हानला.”

“अहो, पण तुम्हीच म्हणालात ना, तुमचा आहे?”

“हायच. आमचा हाय आन् खेळ तिकडला हाय. दोन्ही खरं हाय साहेब. तुमच्या नियमात एकच मावते, त्याले मी काय करू?”

साहेबांनी पलीकडे कागद चाळले. मग म्हणाले, यादी बदलावी लागेल.

यादी बदलली. बादलनं बूट उतरवले तेव्हा वर्षाकडे पाहिलं नाही, आणि स्टँडवर निघताना नुसतं म्हणाला, “त्याच्यासाठी बी खेळीन.” सोनूला संघात जागा उरली नव्हती, तो इंग्लंडला परत निघाला. त्यानं बादलला आपले नवे बूट देऊ केले, पण बादलला ते दोन नंबर मोठे. जाण्याआधी फोनवर जमनीला त्यानं ती शिवी दिली, सावकाश राहा अशा अर्थानं, आणि जमनी पदर तोंडाला लावून आत गेली.

बँकॉकचा पहिला सामना अख्ख्या तांड्यानं प्रेमसिंगच्या मोबाइलवर पाहिला. भारत हरला, आणि चांगला सणकून हरला. पण शेवटच्या भागात बादल मैदानावर उतरला. तिथं बोलणारा माणूस त्याला बॅडल म्हणत होता. त्यानं बॉल उचलला, दिला, उचलला, दिला, तुडवला गेला, उठला. वर्षानं अर्धा सामना डोळे मिटून आणि अर्धा ओमचे डोळे झाकून काढला. भुवईला टाके घालून तो परत आला आणि आता आश्रमशाळेत पुन्हा पळत शिट्टी वाजवतो. शिट्टी छान पिचकते.

सोनू हडर्सफील्डला परत गेला. बापाच्या घरी नाही, वेगळी खोली घेऊन राहतो, कुठल्याशा गोदामात काम करतो. आधी रोज काहीतरी पाठवायचा. तव्यावरच्या जळक्या गोल वस्तूचा फोटो आणि खाली ‘बाटी’. मग दोन-चार दिवसांनी एखादा. गणपती गेले तसा नुसता अंगठा यायला लागला. दिवाळीला वर्षानं मोठा मेसेज केला, त्यालाही अंगठा. आता तोही येत नाही, निळ्या खुणा तेवढ्या होतात. बादल म्हणतो, मोठा हाय तो, सहा फुटाचा हाय, कामात असन. जमनी जेवायला बसताना विचारते, त्यानं खाल्लं असन का व. आणि वर्षानं तिच्याकडे पाहिलं की म्हणते, “मी सांगितलंतं.”

होळी जवळ आली आहे. ओमच्या नाकापाशी बोट धरलं की श्वास लागतो, त्याचं एक बरं आहे. एवढ्या लांबच्या नाकापाशी बोट कसं धरायचं, हे वर्षाला बी.एस्सी.त शिकवलं नव्हतं. म्हणून तिचं तुमच्याकडे मागणं आहे. हडर्सफील्डला किंवा त्या बाजूला तुमचं कोणी असेल, पोरगी दिली असेल, भाचा शिकायला असेल, तर त्यांना एकदा त्याच्याकडे जाऊन यायला सांगा. उंच आहे, जरा वाकून चालतो, डावीकडच्या नडगीवर जमनीच्या काठीचा वण आहे. ठीक आहे म्हणेल. तो तसं म्हणतोच. जेवला का विचारा, आणि हो म्हणाला तरी आत जाऊन चुलीवर काही आहे का तेवढं पाहा.